सांगून वाकणारं लोखंड

लोखंड किलोवर विकलं जातं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुकानदार आधी साईज विचारतो, मग गेज विचारतो, पोऱ्या वीस-वीस फुटांच्या लांब्या ओढून काढतो आणि शेवटी हिशेब येतो काट्यावर. इतके किलो, इतके पैसे. दुकानात उभा असलेला माणूस मग नकळत ताकदही किलोतच मोजायला लागतो. दीड सुताची पट्टी न्यायला आलेला दोन सुताची घेऊन जातो, कारण शेजारच्या गिऱ्हाइकानं ‘घेताय तर जाडच घ्या’ म्हटलेलं असतं. त्या गिऱ्हाइकाला स्वतःला काय बांधायचं होतं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जाडीचा सल्ला फुकट मिळतो आणि देणाऱ्याच्या अंगाशी कधी येत नाही. फार जाड झाली म्हणून मोडलेली वस्तू कुणी पाहिलेली नसते. तिच्या वजनानं दमलेलं चाक, पाटे आणि ब्रेक यांची बिलं वेगळ्या दुकानात भरली जातात.

मला बांधायचा आहे तो दोन चाकांचा, मोटारीमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर. आठ फूट बाय पाच फूट. आत दोघांना आडवं होता येईल अशी गादी, मागे वर उचलायचं झाकण, झाकणाखाली शेगडी आणि चार भांडी. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून लोक असे थेंबाच्या आकाराचे ट्रेलर घरामागच्या शेडमध्ये स्वतः बांधत आले. माझं शेड सापगावात आहे, शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, भातसेच्या काठी. इथून एका अंगाला कसाऱ्याचा घाट आणि दुसऱ्या अंगाला मुरबाडवरून माळशेज. घाटमाथ्यावर जायची दोन्ही दारं घराजवळ. वरच्या खोलीचा फारसा प्रश्न नाही. सांगाड्यावर प्लायवुड येईल आणि त्यावर पत्रा, आणि पत्रा तर आमच्या तालुक्याचाच जिन्नस. वाशिंदला जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात जस्ताचा मुलामा दिलेला आणि रंगीत असा दोन्ही तऱ्हेचा पत्रा तयार होतो. खरा प्रश्न या सगळ्याच्या खालचा, कुणाला कधी न दिसणारा सांगाडा कशाचा करायचा, हा आहे.

चाकावरचं घर ही काही आजच्या हौशी माणसांची कल्पना नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकावर संसार केला ते लोखंडाचंच काम करणारे लोक होते. राजस्थानातले गाडिया लोहार सांगतात, की चित्तोड 1568 मध्ये अकबराच्या हाती गेलं तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली: गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचं नाही, खाटेवर निजायचं नाही. 1955 मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभानं चित्तोडगडावर नेलं आणि शपथ फिटल्याचं जाहीर झालं. पुष्कळांच्या गाड्या त्यानंतरही चालतच राहिल्या. शपथ फिटली तरी जमीन कुठे मिळाली होती! आपल्याकडचे घिसाडी याच धंद्यातले. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. गावाच्या कडेला पाल पडायचं, भाता सुरू व्हायचा, पुरुष सांडशीत धरलेला फाळ ऐरणीवर फिरवायचा आणि बाई उभी राहून घण घालायची.

गाडिया लोहारांची गाडी नीट पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. लोखंडाचे एवढे जाणकार, पण गाडी लाकडाची. तिच्यावर पितळेची नक्षी दिसेल, पण लोखंड अगदी मोजून घातलेलं. आपल्या बैलगाडीचीही तीच रीत. चाकाला धाव, चाक फिरायला आख, चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला कुणी. जिथे घासतं, फिरतं किंवा निसटतं तिथेच लोखंड. बाकी सगळी बाभूळ आणि साग. लोखंड महाग होतं म्हणून असं केलं, हे खरं. पण गाडीचं वजन रोज बैलाच्या खांद्यावर जात होतं आणि बैलाचा खांदा सुजलेला मालकाला डोळ्यांनी दिसत होता, हेही तेवढंच खरं. आमच्या भागात पौष पौर्णिमेपासून म्हशाची जत्रा भरते. तिथे बैल पारखणारा शेतकरी आधी खांद्यावरून हात फिरवतो. इंजिनाला असा खांदा नसतो. म्हणून आपण बेधडक लोखंड घालत जातो.

आमच्याकडचा फॅब्रिकेशनवाला रोज काय बांधतो? खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, पत्र्याच्या शेड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. यातली माझ्या कामाला सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे ट्रॉली, त्यामुळे आमच्या वेल्डरनं सरळ ट्रॉलीचंच माप काढलं.

‘काका, पंचाहत्तरचा चॅनेल घ्या. चारी बाजूंनी चॅनेल, मधे चॅनेल. डोक्याला ताप नाय.’

त्याच्या जागी तो बरोबरच होता. ट्रॉलीत विटा भरतात, रेती भरतात, भाताचे भारे रचतात, लग्नाला जायची माणसंही बसतात. किती भरलं हे कुणी मोजत नाही, म्हणून बांधतानाच दुपटीचा विचार करावा लागतो. माझ्या ट्रेलरचं तसं नाही. गादी किती किलोची, शेगडी किती किलोची, आणि आम्ही दोघं किती किलोंचे, हे सगळं आधीच ठाऊक आहे. भार ठाऊक असताना भीतीच्या मापानं लोखंड घेण्यात काय हशील?

मग कागद काढून हिशेब मांडला. ओढदांड्यासकट सगळ्या सांगाड्याला सुमारे पंधरा मीटर माल लागतो. 75 मिलिमीटरचा चॅनेल मीटरला सात किलोंच्या थोडा वर भरतो, म्हणजे नुसता सांगाडाच शंभर किलोंच्या पुढे. त्याऐवजी साठ-चाळीसचा, 3 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप घेतला तर मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास, आणि तोच सांगाडा पासष्ट किलोंत बसतो. चाळीसेक किलोंचा फरक म्हणजे पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार. माळशेज चढताना ते दोन जार बरोबर असणं केव्हाही चांगलं. फरक एवढाच, की पाणी संपतं आणि लोखंड परत घरी येतं.

अर्थात नुसत्या वजनावरून चॅनेलला नापास करणं लबाडीचं होईल. वरून भार टाकून उभं वाकवलं तर पंचाहत्तरचा चॅनेल साठ-चाळीसच्या पाईपपेक्षा कितीतरी ताठ. यातलं खरं बळ उंचीचं असतं. साठ-चाळीसचा पाईप साठची बाजू उभी ठेवून बसवला की तो आडवा बसवल्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ राहतो. लोखंड तेच, वजन तेच, पैसेही तेच. कौलारू घराचा वासा आडवा न टाकता उभा टाकणाऱ्या सुताराला हे कुणी गणितानं शिकवलेलं नसतं. पण ट्रेलर म्हणजे घराचं छप्पर नाही. त्याचं एक चाक खड्ड्यात असतं तेव्हा दुसरं रस्त्यावर असतं. सांगाडा वाकतो त्याहून जास्त पिळतो, आणि पिळण्यापुढे चॅनेलची सगळी मिजास उतरते.

हे पुस्तकात वाचून पटत नाही, हातानं पाहावं लागतं. वेल्डरच्या गाळ्यात खिडकीच्या कामातून उरलेला एक इंची, अठरा गेजचा चौकोनी पाईप पडला होता, तीनेक फुटांचा. एक टोक व्हाईसमध्ये घट्ट धरलं आणि दुसऱ्या टोकाला पाना लावून पिळायला लागलो. पाईप हलेना. मग वेल्डरनं त्याच पाईपची एक बाजू ग्राइंडरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. कापलेली चीर दोन मिलिमीटरचीही नव्हती. लोखंड गेलं ते चिमूटभर भुश्याएवढं. चिरेवर आडवी एक खडूची रेघ मारली आणि पुन्हा पाना लावला. या खेपेला पाईप सहज पिळला गेला. पिळताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना घासत मागेपुढे सरकल्या आणि खडूची सरळ रेघ मधेच तुटून तिचे दोन अर्धे दोन जागी गेले. वेल्डरनं पाना सोडला, रेघ पुन्हा जुळली. त्यानं पुन्हा पिळलं, पुन्हा सोडलं. दिवसभर लोखंड कापणारा माणूस, पण त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला.

बंद पाईप पिळायचा तर चारही भिंतींना एकदम साथ द्यावी लागते. एक भिंत चिरली की बाकीच्या तिघी सुट्या पडतात. साठ-चाळीसच्या तीन मिलिमीटरी पाईपचा हिशेब केला तर नुसत्या एका उभ्या चिरेनं त्याचा पिळाला होणारा विरोध दीडशे पटींहून अधिक घटतो. आणि चॅनेल म्हणजे काय? एक बाजू जन्मतःच उघडी असलेला पाईप. मालट्रकची चेसिस चॅनेलची असते ती याच गुणासाठी. वीस-बावीस फुटांची चेसिस ऊबडखाबड जमिनीवर पिळायलाच हवी, नाहीतर तिची सगळी चाकं जमिनीला टेकणार नाहीत. म्हणून तिचे जोडही बहुधा रिव्हेटचे, थोडं अंग हलवू देणारे. तिच्यावरची केबिन रबरावर तरंगत असते. माझ्या ट्रेलरवरची प्लायवुडची खोली मात्र सांगाड्याला थेट बोल्ट केलेली. सांगाडा पिळला की दाराची चौकट तिरकी, खिडकीचं सील सुटणार आणि पहिल्याच जुलैत गादी ओली. म्हणून चौकटीला आणि ओढदांड्याला चौकोनी पाईप, आणि मधल्या आडव्या तुकड्यांना, जिथे फक्त फळी पेलायची आहे तिथे, साधा अँगल.

एवढं ठरलं, तर एका इंजिनिअर मित्रानं वेगळंच पिल्लू सोडलं. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, कशाला घेतोस, हाय टेन्साईल घे, निम्म्या जाडीत काम होईल. ऐकायला हे फार गोड वाटतं. पण पोलादाची एक गंमत आहे. ते साधं असो की भारी, ताठपणा सारखाच: दोनशे गिगापास्कलच्या आसपास. भारी पोलाद जास्त ओढ सोसून मग कायमचं वाकतं, एवढंच. त्याआधी ते साध्या पोलादाइतकंच लवतं. निम्म्या जाडीचा भारी पाईप घेतला तर तो मोडणार नाही, पण जवळजवळ दुप्पट लवेल, आणि वरची खोली त्याच्याबरोबर डुलेल. ताठपणा आकारातून येतो. तो कुठल्या प्रतीच्या नावात मिळत नाही.

भारी पोलाद आमच्या गाळ्यातही आहे, भंगाराच्या ढिगात. गाड्यांचे तुटके कमानपाटे. घिसाडी आणि लोहार याच पाट्यांतून कोयते, विळे, कुऱ्हाडी घडवतात, कारण त्यात कार्बन जास्त आणि पाणी दिलं की धार टिकते. ग्राइंडरला लावून बघितलं की लोखंडाची जात ठिणगीवरून ओळखता येते. साध्या पाईपच्या ठिणग्या लांबलचक, सरळ रेषेत जातात आणि टोकाला एखाददुसरा फाटा फुटतो. पाट्याच्या ठिणग्या जवळच फुटतात, एकीच्या दहा होतात, अगदी फुलबाजीसारख्या. जेवढा फुलोरा जास्त तेवढा कार्बन जास्त, आणि तेवढंच ते वेल्डिंगला नाठाळ. पाट्याला घाईघाईनं टाका मारला तर टाका सुरेख दिसतो आणि टाक्याशेजारचं पोलाद, तापून झटकन थंड झाल्यामुळे, काचेच्या जातीला जातं. म्हणून पाटे जिथे आहेत तिथे बोल्ट आणि यू-क्लॅम्पनं धरायचे. त्यांना वेल्डिंगचा चटका द्यायचा नाही.

माझं मत साध्या एमएसकडे झुकलं ते स्वस्त आहे म्हणून नव्हे. आपल्याकडच्या साध्या बांधकामी पोलादाची प्रत आयएस 2062 या मानकात दिलेली आहे. त्यातल्या ई 250 या नेहमीच्या प्रतीला दोन आकडे चिकटलेले असतात, 250 आणि 410. पहिला आकडा मेगापास्कलमध्ये ते कायमचं वाकायला लागतं तो, दुसरा ते तुटतं तो. त्याखेरीज तिसरा आकडा, 23 टक्के: तुटण्याआधी ते आपल्या लांबीच्या सुमारे चौथाईइतकं ताणलं गेलंच पाहिजे. दुकानात हा तिसरा आकडा कुणी विचारत नाही, पण माझा जीव त्याच्यावरच आहे. 250 आणि 410 यांच्या मधल्या जागेत लोखंड वाकतं, त्याचा रंग उडतो, दार घासायला लागतं, ट्रेलर एका बाजूला कलल्यासारखा दिसतो. म्हणजे तुटण्याआधी ते चार ठिकाणी सांगून ठेवतं. बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला की काय होतं हे घरोघरी माहीत आहे. बीड दाबाखाली भलतं कणखर, पण वाकणं त्याच्या स्वभावात नाही, त्यामुळे त्याचं पहिलं आणि शेवटचं बोलणं एकच.

पोलादसुद्धा बिडासारखं वागू शकतं, हे जगाला फार महागात कळलं. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीला एस. एस. स्कनेक्टडी नावाचं कोरं टँकर जहाज नुकतीच सागरी चाचणी आटपून शांत पाण्यात उभं होतं. रात्री प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध फाटलं. वादळ नव्हतं, टक्कर नव्हती. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, वेल्डिंगमधले दोष, आणि सगळं जहाज टाक्यांनी अखंड जोडलेलं असल्यामुळे एकदा सुटलेल्या तड्याला कुठेच न मिळालेला अडसर, अशी कारणं पुढे निघाली. आमच्या सापगावात पोर्टलंडची थंडी पडायची नाही. पण पोलादात गंधक आणि फॉस्फरस किती चालेल यावर मानकात 0.045 टक्क्यांची मर्यादा आहे ती शोभेसाठी नाही, हे अशा घटनांमुळे ध्यानात येतं.

म्हणून पाईप घेताना त्यावर कारखान्याचा छाप आणि मानकाचा आकडा आहे का ते बघायचं. पोकळ चौकोनी पाईपांसाठी आयएस 4923 हे वेगळं मानक आहे. छाप नसलेला माल स्वस्त मिळतो आणि तो वाईटच असेल असंही नाही. भंगार वितळवून केलेलं पोलाद चांगलं असू शकतं. फक्त त्याच्या पोटात काय काय विरघळलंय हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. गाळ्यात करता येईल अशी एक परीक्षा आहे. पाईपच्या भिंतीतून बोटभर रुंदीची पट्टी कापायची, व्हाईसमध्ये अर्धी धरायची आणि हातोड्यानं ठोकत दुमडत न्यायची, दोन्ही अंगं एकमेकांना टेकेपर्यंत. मग बाकावर बाहेरची कड नखानं चाचपायची. आमची पट्टी दुमडली तेव्हा कडेवरची काळी खपली उडाली, खालचं लोखंड मंद चमकलं, पण नख कुठे अडकलं नाही. वेल्डरनं तीच पट्टी ठोकून पुन्हा सरळ करून दाखवली आणि म्हणाला, ‘हे आपल्यातलं हाय.’

आपल्यातलं असण्याचा अर्थ मोठा आहे. ट्रेलर मोडायचाच झाला तर तो माझ्या शेडसमोर मोडणार नाही. घोटीच्या अलीकडे किंवा ओतूरच्या बाजारच्या दिवशी, भर गर्दीत मोडेल. तिथल्या ज्या गाळ्यात वेल्डिंगचा निळा उजेड दिसेल तिथे जाऊन उभं राहायचं आणि ‘जरा टाका मारा’ म्हणायचं. त्या माणसाकडे कुठला रॉड असेल? साधा 6013. भारी पोलादाला लागणारे 7018 सारखे रॉड दमटपणा धरतात, ते भट्टीत तापवून कोरडे ठेवावे लागतात. आपल्या पावसाळ्यात ते सांभाळणार कोण? साधं एमएस 6013 शी कुठल्याही गावात जुळवून घेतं. जिथे जाणार तिथल्या माणसाला दुरुस्त करता येईल असं लोखंड निवडणं, हे मला प्रतीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. गाडिया लोहारांच्या गाडीचं लाकूड वाटेवरच्या कुठल्याही सुताराला उमगायचं, तेच शहाणपण.

गंजाचं काय, हा प्रश्न इथे टळत नाही. आपल्याकडे चार महिने हवाच ओली असते. पहिला मोह होतो तो गॅल्व्हनाइज्ड पाईपचा. पण जस्त 907 अंशांना उकळतं आणि पोलाद वितळतं दीड हजाराच्या आसपास. म्हणजे टाका बसण्याआधीच त्या जागचं जस्त धूर होऊन जातं. पांढरा दाट धूर नाकातोंडात गेला की रात्री थंडी भरून ताप चढतो. वेल्डर गुळाचा खडा तोंडात धरतात, पण त्यानं जस्त काही हटत नाही. शिवाय जिथे संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्या जोडावरच जस्त उरत नाही. म्हणून काळा पाईप घ्यायचा, जोड झाले की घासून रेड ऑक्साईड आणि वर रंग. पाईपची खरी वैरीण आतली ओल. उघड्या टोकांवर झाकणपट्टी वेल्ड करायची आणि शिरलेलं पाणी निघून जायला बुडाशी बारीक भोकं ठेवायची. बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेली गेटं शहापूरभर दिसतात, ती पायाशी टेकलेल्या उघड्या पाईपांमुळेच.

आणि सगळं करूनही सांगाडा मोडतो तो मधे नाही, जोडावर. विशेषतः ओढदांडा चौकटीला मिळतो तिथे. रस्त्यावरचा प्रत्येक गचका त्या जागेला एकदा वर आणि एकदा खाली वाकवतो. एका वाकण्यानं काही होत नाही; लाखो वाकण्यांनी केसाएवढा तडा जन्मतो. पाईपवर आडवा टाका मारला की तड्याला सुरुवात करायला आयती रेघ मिळते, म्हणून टाका शक्यतो पाईपच्या लांबीतच ओढायचा. दांड्याची दोन्ही अंगं चौकटीच्या तोंडाशी न संपवता खालून मागे, पाट्याच्या पहिल्या हँगरपर्यंत न्यायची, म्हणजे गचका एका जागी साचत नाही. याला जे दोन-तीन किलो जास्त लागतात ते खुशाल घालावेत. चाळीस किलो वाचवले ते अशाच ठिकाणी खर्च करायला.

भार कुठे बसतो हेही सांगाडाच ठरवतो. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे फार जड झाली की खांदे दबतात. गाडीवान पोती रचताना एकदा जू हातानं उचलून बघतो. ट्रेलरचा नियम याहून वेगळा नाही. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार मोटारीच्या हुकावर हवा. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलरची शेपूट डावी-उजवीकडे झोकांड्या खाते आणि मोटारीलाही बरोबर घेते. म्हणजे आख चौकटीच्या मधोमध नाही, थोडा मागे. पाण्याचा जार आणि शेगडी मागच्या झाकणाखाली, म्हणून गादीखालचं सामान पुढे. वजन कमी ठेवलं की हा तोल हातानं उचलून बघता येतो. सांगाडाच शंभर किलोंचा असता तर उचलून बघणंही गेलं.

कायद्याचा कागद मी लोखंडाआधी वाचून घेतला, तो मोठा मजेदार आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे वरची बॉडी न बसवलेली नुसती चेसिस हेही मोटार वाहनच, आणि ट्रेलरही मोटार वाहनच. मोटार नसली म्हणून काय झालं! म्हणजे माझा पासष्ट किलोंचा उघडा सांगाडा कायद्याच्या नजरेत मोटारीच्या पंक्तीत बसतो, आणि मंजुरी व नोंदणी झाल्याखेरीज त्याला सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. भारतीय वर्गवारीत एकूण 750 किलोंपर्यंतचा ट्रेलर सर्वांत लहान, टी-1 गटात मोडतो. जास्त लोखंड घालण्याच्या मोहाला हाही एक चांगला लगाम आहे. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा चाकावरच्या मुक्कामाला आता सरकारदरबारी जागा आहे. कागदपत्रांची वाट लांब आहे. तोवर सांगाडा आवारातच ओढून पाहायचा.

शेवटचा वाद झाला रंगावरून. वेल्डरनं काळ्या रंगाचा डबा आधीच आणून ठेवला होता. ‘चेसिस काळीच असते, काका.’ मी फिकट राखाडी मागितला. जोडावर तडा गेला की त्यात पाणी शिरतं आणि तांबूस गंजाची बारीक रेघ बाहेर येते. काळ्यावर ती दिसत नाही, फिकट रंगावर टॉर्च मारली की लगेच दिसते. सांगणारं लोखंड घेऊन त्याच्या तोंडाला काळं फासायचं कशाला? त्यानं जरा विचार केला. मग टाके घासता घासता स्वतःच म्हणाला, ‘मग टाक्यांवर लांबी पण नको भरायला. गिऱ्हाईक सांगतं गुळगुळीत करून दे, आम्ही लांबी भरून देतो. खाली तडा गेला तरी वरून लोणी.’ आणि बाकावर मळून ठेवलेला लांबीचा गोळा त्यानं शेजारच्या गेटाच्या कामाकडे सरकवला.